आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी: उन्हाळ्यात मॉडिफाइड गाडीचं पेट्रोल उकळतं तेव्हा

सकाळी गाडी मस्त पळते. बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) वेळेवर चढतो, मिक्श्चर (हवा आणि पेट्रोल यांचं प्रमाण) जिथल्या तिथे असतं. दुपारी त्याच गाडीच्या चार जोरदार फेऱ्या मारा, वीस मिनिटं उन्हात उभी करा आणि परत चावी फिरवा. सेल्फ नुसता गरगरत राहतो. कशीबशी सुरू झालीच तर आयडलला डचमळते, पाय दिला की खोकते, आणि मागच्या सीटखालून पंपाची किरकिर ऐकू येते. संध्याकाळी गार झाली की जणू काही झालंच नव्हतं.

अशा वेळी जो तो आधी बॉनेट उघडतो. मीही उघडलं होतं. माझ्या पहिल्या टर्बो गाडीत मी रेलवर (इंजेक्टरांना पेट्रोल वाटणाऱ्या नळीवर) उष्णता परतवणारी सोनेरी पट्टी चिकटवली, पाइपांवर चंदेरी बाह्या चढवल्या, शेवटी रिटर्न लाइनवर (उरलेलं पेट्रोल टाकीत परत नेणाऱ्या पाइपावर) कुलरही बसवला. दोष निघाला टाकीत, पंपाच्या तोंडाशी असलेल्या काळ्याकुट्ट गाळणीत. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय!

तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात पक्की बसली आहे. पेट्रोल पहिल्यांदा उकळतं ते सर्वांत गरम जागी असेलच असं नाही. ते उकळतं सर्वांत कमी दाबाच्या जागी. गाडी चालू असताना ती जागा म्हणजे पंपाचं तोंड. म्हणून तपास टाकीपासून सुरू करायचा आणि इंजिनाकडे सरकत जायचं. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने लावल्या आहेत. कुलर शेवटून दुसरा आहे, ते मुद्दाम.

पेट्रोल नक्की कधी उकळतं

पाण्यासारखा पेट्रोलला एकच उत्कलनबिंदू नसतो. ते अनेक हायड्रोकार्बनांचं मिश्रण आहे. त्यातले हलके घटक ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास उडायला लागतात, जड घटक २०० अंशांपर्यंत टिकतात. किती सहज वाफ होते हे मोजायला ‘रीड बाष्पदाब’ वापरतात, तो ३७.८ अंशांना मोजलेला असतो. उन्हाळी पेट्रोलचा तो साधारण ६० किलोपास्कल धरा. तापमान वीसेक अंशांनी वाढलं की हा दाब जवळजवळ दुप्पट होतो. म्हणजे समुद्रसपाटीला, उघड्या टाकीत, असं पेट्रोल ५२-५३ अंशांना बुडबुडे सोडायला लागेल. २,००० मीटर उंचीवर हवेचाच दाब ८० किलोपास्कलच्या आसपास असतो, तिथे हेच ४६ अंशांना होईल. जिथे ऋतूनुसार पेट्रोल बदलून मिळतं तिथलं हिवाळी पेट्रोल टाकीत उरलं असेल आणि त्याचा बाष्पदाब ९० किलोपास्कल असेल, तर ४१ अंशच पुरे. महिनोन्‌महिने झाकून ठेवलेली गाडी पहिल्या कडक उन्हात का रुसते, याचं उत्तर पुष्कळदा इथेच मिळतं.

आता रेलकडे बघा. तिथे ३ बार दाब आहे, म्हणजे वातावरणाचा धरून ४ बार. प्रेशर कुकरचाच न्याय: दाब जास्त, तर उकळायला तापमानही जास्त. त्याच उन्हाळी पेट्रोलला रेलमध्ये उकळायला १०० अंशांच्या जवळ जावं लागेल. चालू गाडीत ताजं पेट्रोल सतत वाहत असल्याने ते सहसा तिथवर पोचत नाही. पंपाच्या तोंडाशी मात्र उलटी परिस्थिती. पंप ओढतो, म्हणजे तिथला दाब वातावरणापेक्षा कमी. गाळणी चोंदलेली, पाइप बारीक, वळणं जास्त, असं प्रत्येक कारण हा दाब आणखी खाली नेतं. एक मीटर उंच ओढायला लावलं तर साधारण ७ किलोपास्कल तिथेच गेले. टाकीतलं पेट्रोल ४५ अंशांचं असलं तरी पंपाच्या तोंडाशी ते उकळू शकतं. मग पंप पेट्रोलऐवजी फेस ढकलतो, आणि फेस दाबला की आकसतो. रेलमध्ये दाबाचा काटा थरथरतो आणि मिक्श्चर लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. टर्बो गाडीत भर बूस्टवर लीन म्हणजे नॉकिंग (मिश्रण सिलिंडरमध्ये अवेळी आपोआप पेटणं), आणि नॉकिंगचं बिल पिस्टन भरतात.

इथेनॉलचं गणित जरा तिरपं आहे. पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल मिसळलं की बाष्पदाब कमी व्हायच्या ऐवजी ७ किलोपास्कलच्या आसपास वाढतो. ८५ टक्क्यांच्या मिश्रणात तो साध्या पेट्रोलपेक्षाही खाली उतरतो, कारण शुद्ध इथेनॉल ७८ अंशांना उकळतं आणि त्यात हलके घटक नसतात. पण तेवढ्याच ताकदीसाठी ते ३५-४० टक्के जास्त लागतं. म्हणजे पंप मोठा, प्रवाह मोठा आणि ओढ मोठी.

तापमान हा एकटा खलनायक नाही, याचा माझा आवडता दाखला १९८८च्या फॉर्म्युला वनमधला आहे. होंडाच्या आरए१६८ई या टर्बो इंजिनात ८४ टक्के टोल्युइन असलेलं इंधन वापरत आणि ते मुद्दाम तापवत, ८० अंशांपर्यंत. टोल्युइन ११० अंशांना उकळतं. जड असल्याने थंडपणी त्याची नीट वाफच होत नसे. आपण इंधन गार करायला धडपडतो आणि ते तापवायला धडपडत होते.

पायरी १: हात लावण्याआधी मोजा

अंदाजावर सुटे भाग बदलणं हा या छंदातला सर्वांत महागडा रोग आहे. ईसीयूच्या (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरच्या) लॉगमध्ये किमान या गोष्टी हव्यात: रेलमधला दाब, मॅनिफोल्डचा (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांचा) दाब, लॅम्डा (मिक्श्चर लीन की रिच ते सांगणारा आकडा), इंजेक्टरची ड्यूटी (तो किती टक्के वेळ उघडा असतो ते), बॅटरीचे व्होल्ट आणि पेट्रोलचं तापमान. तापमानासाठी वेगळा खर्च करण्याआधी बघा, गाडीत फ्लेक्स-फ्युएल सेन्सर (पेट्रोलमधलं इथेनॉल मोजणारा) आहे का. प्रचलित सेन्सर एकाच तारेवरून दोन गोष्टी सांगतात: लहरींची वारंवारता (५० ते १५० हर्ट्झ) म्हणजे इथेनॉलचं प्रमाण आणि त्या लहरीची रुंदी (१ ते ५ मिलिसेकंद) म्हणजे इंधनाचं तापमान. पुष्कळांच्या गाडीत हे आकडे येत असतात आणि ते लॉगच करत नाहीत. काखेत कळसा म्हणतात तो हा.

बघायचं ते रेल आणि मॅनिफोल्ड यांच्या दाबातलं अंतर. बूस्टनुसार चालणारा रेग्युलेटर (रेलचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह) हे अंतर कायम राखतो. पायाभूत दाब ३ बार आणि बूस्ट १.५ बार असेल तर रेलमध्ये ४.५ बार दिसायला हवेत. भर बूस्टवर ४.५ऐवजी ४.१ दिसले, तर अंतर २.६वर आलं आणि इंजेक्टर कमी पेट्रोल ओततोय.

पहिला लॉग सकाळी, गार गाडीवर आणि टाकी अर्ध्याच्या वर असताना घ्या. दुसरा त्याच रस्त्यावर, त्याच गियरमध्ये, दुपारी. तिसरा दुपारीच, पण टाकी पाववर असताना. दुसरा चांगला आणि तिसरा वाईट आला तर तुमचा निम्मा तपास झाला: दोष टाकीच्या बाजूला आहे.

पायरी २: गरम असताना सुरू होत नाही, म्हणजे वाफच का?

नाही. तीन-चार वेगळे आजार एकाच चेहऱ्याने येतात.

इंजिन बंद केल्यावर हवा आणि पाणी फिरायचं थांबतं, पण टर्बो आणि एक्झॉस्ट यांच्या धातूत मुरलेली उष्णता बाहेर पडतच राहते. त्यामुळे बॉनेटखालचं तापमान बंद केल्यावर आधी वाढतं. सर्वांत वाईट वेळ पंधरा ते तीस मिनिटांनी येते. पाच मिनिटांत परत सुरू केली तर कुरकुर नाही, दोन तासांनीही नाही, पण मधल्या वेळेत हमखास, असं असेल तर संशय योग्य दिशेला आहे.

मग हे करा. चावी ऑन करून पंपाला दोन सेकंद दाब भरू द्या, ऑफ करा, असं तीनदा. त्यानंतर गाडी पटकन सुरू झाली तर रेलमध्ये वाफ होती किंवा दाब गळून गेला होता. याउलट ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारल्यावर सुरू झाली, काळा धूर आला, पेट्रोलचा वास आला, तर एखादा इंजेक्टर ठिबकतोय आणि इंजिन बुडालंय. इथे नवखे एक हमखास चूक करतात. बहुतेक ईसीयूंमध्ये सेल्फ मारताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की इंजेक्टर बंद होतात. ती सोय बुडालेल्या इंजिनासाठी आहे. वाफेमुळे आधीच पेट्रोल मिळत नसताना पाय दाबून धरलात तर मिळत होतं तेही बंद.

सेल्फ फिरतोय पण आरपीएमचा काटा जागचा हलत नाही, लॉगमध्येही आरपीएम शून्य? मग पेट्रोलचा विषय सोडा, क्रँक सेन्सर गरम झाल्यावर मरतोय. आणि फक्त पेट्रोल भरून निघतानाच त्रास होत असेल, तर चारकोल कॅनिस्टरचा (टाकीतली वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्याचा) पर्ज व्हॉल्व्ह, म्हणजे ती वाफ इंजिनात सोडणारी झडप, उघडा अडकला असण्याची शक्यता मोठी.

अजून एक सोपी कसोटी. गरम गाडी बंद करा आणि रेलचा दाब बघत बसा. पंपातला चेक व्हॉल्व्ह (पेट्रोल मागे जाऊ न देणारी झडप) धड असेल तर दाब टिकतो. उलट पेट्रोल प्रसरण पावल्याने काही वेळा थोडा वाढतोसुद्धा. तो दाबच त्याला उकळू देत नाही. दोन मिनिटांत काटा शून्यावर आला तर झाकण उघडलेल्या कुकरसारखी रेल भसाभस उकळणार. गळती चेक व्हॉल्व्हमधून, रेग्युलेटरमधून की इंजेक्टरमधून, हे एकेक लाइन बंद करून शोधायचं.

पायरी ३: टाकी आणि पंपाचं तोंड

इथे हात घालण्याआधी चार सूचना, आणि त्या ऐकाच. पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांनाही पेट घेऊ शकते. ती हवेपेक्षा तीन-चार पट जड असल्याने जमिनीलगत पसरते, म्हणून खड्ड्यात उभं राहून हे काम करायचं नाही. पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे लाइनीतला दाब उतरतो. तरी जोड उघडताना वर कापड धराच. नंतर बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. गाडी पूर्ण गार, जागा मोकळ्या हवेची, अग्निशामक हाताशी. गरम टाकीचं झाकण सावकाश उघडा, आत दाब असतो.

झाकण उघडताना आवाज कुठल्या दिशेचा आहे ते ऐका. उन्हात हवा बाहेर सुटली तर ठीक, वाफेचा दाब आहे. पण बराच वेळ चालवून आल्यावर हवा आत ओढली गेली तर टाकीचा श्वास कोंडला आहे. टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल आणखी कमी तापमानाला उकळतं. व्हेंट किंवा कॅनिस्टर तुंबलेलं असतं. बऱ्याचदा हे मॉडिफिकेशन करणाऱ्यानेच केलेलं असतं: कॅनिस्टर काढून टाकलं आणि नळी बुजवली. ‘वजन कमी केलं’ म्हणतात याला. आणि टाकी गळ्यापर्यंत भरायची सवय असेल तर ती सोडा. द्रव पेट्रोल कॅनिस्टरमध्ये गेलं की आतला कोळसा निकामी होतो.

आता गाळणी. टाकीतल्या पंपाच्या तोंडाशी जाळीची पिशवी असते. ती काळी, चिकट किंवा आक्रसलेली असेल तर बदला, धुऊन परत बसवू नका. मोठा पंप बसवला आणि गाळणी जुन्या लहान पंपाचीच ठेवली, असंही सर्रास दिसतं. पंपाआधीची गाळणी जाड जाळीची हवी, साधारण १०० मायक्रॉन. बारीक १० मायक्रॉनची पंपाच्या पुढे. नेमकं उलटं लावलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. मालक अभिमानाने सांगतो, “पंपाला एकदम स्वच्छ पेट्रोल मिळतं.” मिळतं खरं, पण फेस होऊन.

टाकीच्या आत पंपापासून झाकणापर्यंत जो रबरी तुकडा असतो, त्याच्याकडे बारकाईने बघा. साधा, अगदी उत्तम दर्जाचा इंजेक्शन होजसुद्धा, पेट्रोलमध्ये बुडवून ठेवण्यासाठी बनलेला नसतो. बाहेरून भिजला की फुगतो, मऊ पडतो, क्लिपमधून सटकतो. बुडणाऱ्या जागेसाठी एसएई जे३०आर१० असं छापलेलाच होज किंवा पीटीएफईची नळी लागते. सटकलेल्या होजमधून पेट्रोल टाकीतच परत पडत राहतं. पंप जोरात, रेल उपाशी.

टाकीबाहेर, लाइनीत बसवायचा पंप असेल तर एवढंच लक्षात ठेवा: असे पंप ढकलतात उत्तम, ओढतात वाईट. त्याला टाकीच्या पातळीखाली बसवा, पेट्रोल आपल्या वजनाने त्याच्या तोंडात पडायला हवं. तोंडाकडचा पाइप बाहेर जाणाऱ्या पाइपाहून मोठा, आणि काटकोनातले जोड जितके टाळता येतील तितके टाळा.

पायरी ४: पंपाला वीज पुरेशी मिळते का

हे काम अर्ध्या तासाचं आहे. इंजिन चालू ठेवा, दिवे आणि पंखे लावा, आणि मल्टिमीटरने पंपाच्या कनेक्टरवर व्होल्ट मोजा, त्याच वेळी बॅटरीवरही. दोन्हींत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर वायरिंग बारीक आहे किंवा अर्थिंग खराब. कंपनीची मूळ तार कंपनीच्या मूळ पंपासाठी असते. त्यावर १५ अँपिअरचा पंप लटकवला की तार तापते आणि पंप मंदावतो. उन्हाळ्यात पंखे आणि एसी यांचा भार वाढतो, त्यामुळे दुपारी ही उणीव उघडी पडते. बॅटरीपासून थेट जाड तार, फ्यूज, रिले आणि चेसिसला घासून स्वच्छ केलेल्या जागी अर्थ. जुन्या तारेने फक्त रिले चालवायची.

क्लँप मीटर असेल तर अँपिअरही बघा. पंपापुढे अडथळा असेल, दाब वाढला असेल, तर करंट वाढतो. पंप फेसात फिरत असेल तर करंट पडतो, कारण ढकलायला काही नाही. गाडी गरम झाल्यावर दाब आणि करंट दोन्ही एकदम खाली येताना दिसले, तर मागच्या पायरीवर परत जा.

पायरी ५: तुमचा पंपच तुमचा हीटर आहे

सांगितलं की लोकांना पटत नाही, म्हणून आकड्यांत मांडतो. टर्बो इंजिनाला एका हॉर्सपॉवरसाठी तासाला साधारण २५० ग्रॅम पेट्रोल लागतं. ४०० हॉर्सपॉवरला १०० किलो, म्हणजे ताशी १३५ लिटरच्या आसपास. त्यावर २५ टक्के राखीव धरले तरी १७० लिटर झाले, तेही तुमच्या भर बूस्टच्या दाबाला मोजलेले. पण ‘पुढे लागेल’ म्हणून बसवला जातो ताशी ४५० लिटरचा.

हा पंप १३.५ व्होल्टला १२ अँपिअर घेतो असं धरू. १६० वॅट झाले. आयडलला इंजिन तासाला एक-दोन लिटर पिणार. बाकी सगळं पेट्रोल रेलपर्यंत जाऊन, तिथली ऊब घेऊन टाकीत परत. पंपात ओतलेली वीजही शेवटी उष्णता होऊन त्याच पेट्रोलमध्ये उतरते. टाकीत १० लिटर असतील तर ते सगळं पेट्रोल दर ऐंशी सेकंदांनी एक फेरी मारून येतं. फक्त पंपाच्या उष्णतेने ते दहा मिनिटांत सहा अंशांनी तापू शकतं, बॉनेटखालची उष्णता वेगळीच. ४० लिटर असतील तर तेवढ्याच वेळात दीड अंश. टाकी अर्ध्याच्या वर ठेवणं हा म्हणूनच उन्हाळ्यातला सर्वांत स्वस्त कुलर आहे.

पंप बदलायचाच असेल तर गरजेपुरता घ्या. मोठा आधीच बसला असेल तर त्याचा वेग आवरा. पीडब्ल्यूएमने (वीज झटपट चालू-बंद करून जोर कमी-जास्त करण्याच्या पद्धतीने) चालणारा कंट्रोलर किंवा ईसीयूचं तसं आउटपुट असेल तर आयडलला आणि संथ चालवताना पंप निम्म्या जोरावर ठेवता येतो. पंप त्यासाठी योग्य आहे का ते बनवणाऱ्याच्या माहितीपत्रकात बघा. साधी रिले मात्र पीडब्ल्यूएमवर कधीही चालवू नका. दोन पंप असतील तर दुसरा ठरावीक बूस्टनंतरच सुरू व्हावा. आणि हे बदलल्यावर कमी वेगापासून भर बूस्टपर्यंत दाबाचा लॉग पुन्हा घ्याच. पंप जागा व्हायला अर्धा सेकंद उशीर झाला तर मागच्या उपायाने नवा रोग आणलात.

डिकीत सर्ज टँक (मुख्य पंपाला सतत पेट्रोल मिळावं म्हणून लावलेली छोटी जादा टाकी) बसवणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं. दोन लिटरच्या सर्ज टँकमध्येच रिटर्न सोडला आणि त्याला मुख्य टाकीतून भरणारा लिफ्ट पंप मरतुकडा असला, तर तेच दोन लिटर गोल गोल फिरत मिनिटाला तीन अंशांनी तापू शकतात. लिफ्ट पंप सशक्त हवा आणि सर्ज टँकच्या माथ्यावरून मुख्य टाकीत जाणारा ओव्हरफ्लो मोठ्या व्यासाचा हवा, म्हणजे गरम पेट्रोल आणि बुडबुडे दोन्ही तिकडे निघून जातात.

रिटर्न नसलेल्या प्रणालीत टाकी गार राहते, पण रेलमधलं पेट्रोल आयडलला जवळजवळ उभं असतं आणि तिथेच तापतं. अशा गाडीत त्रास पळताना कमी आणि गरम सुरू करताना जास्त. डायरेक्ट इंजेक्शनवाल्यांचा हाय-प्रेशर पंप शेकडो बार दाब देत असला तरी त्याला टाकीकडून मिळणाऱ्या काही बारच्या पुरवठ्यात वाफ शिरली की तोही हतबल होतो. लॉगमध्ये दोन्ही दाब बघा. आधी कोण पडलं त्यावरून दोषी ठरतो.

पायरी ६: उष्णतेची वाट अडवा

आता बॉनेट उघडायला हरकत नाही. आधी पाइपांची वाट बघा. टर्बो, डाउनपाइप आणि एक्झॉस्ट यांच्याजवळून जाणारी लाइन हलवता येत असेल तर हलवा. दहा सेंटिमीटरचं अंतर कुठल्याही पट्टीपेक्षा जास्त काम करतं. हलवता येत नसेल तर एक्झॉस्ट आणि लाइन यांच्यामध्ये पातळ पत्र्याची ढाल, दोन्ही बाजूंना हवेची फट ठेवून. चंदेरी बाही किंवा सोनेरी पट्टी समोरून येणारी धग परतवते, पण गरम धातूला टेकली की तिचा उपयोग संपला. आणि इन्सुलेशन उष्णतेचा वेग कमी करतं, उष्णता थांबवत नाही. अर्धा तास उभ्या गाडीत ती आत शिरणारच, आणि नंतर तिला बाहेर पडायलाही तोच अडथळा.

इनटेक मॅनिफोल्ड आणि हेड यांच्यामध्ये फेनॉलिक स्पेसर (उष्णता अडवणारी जाड चकती) बसवता आला तर रेल आणि इंजेक्टर दोघांनाही आराम. कार्ब्युरेटरवाल्या जुन्या गाड्यांत तर हा पहिला उपाय. तिथे फ्लोट बाऊल उघड्या हवेच्या दाबाला असतो, त्यामुळे पेट्रोल उकळून थेट मॅनिफोल्डमध्ये सांडतं.

थांबण्याआधी शेवटचे दोन-तीन किलोमीटर बूस्टशिवाय चालवा. उभी केल्यावर बॉनेट उघडून ठेवा. फुकट आहे.

पायरी ७: कुलर

एवढं सगळं करूनही टाकीतलं पेट्रोल ५० अंशांच्या वर जात असेल, तर कुलर लावा. जागा रिटर्न लाइनवर, रेग्युलेटरच्या नंतर, टाकीत शिरण्याआधी. पंपाआधी कधीही नाही, तिथे तो निव्वळ आणखी एक अडथळा ठरतो. रेडिएटरच्या मागे लावलात तर तो कुलर राहत नाही. समोरून ताजी हवा मिळेल, खालून दगड लागणार नाहीत आणि अपघातात सर्वांत आधी चेपणार नाही, अशी जागा शोधा. ती पुष्कळदा गाडीच्या पोटाखाली, मागच्या चाकांच्या पुढे सापडते. हवेने चालणारा कुलर पेट्रोलला बाहेरच्या हवेपेक्षा गार करू शकत नाही, हे पैसे मोजण्याआधी आठवा.

पायरी ८: सर्वांत शेवटी ट्यूनिंग

गरम पेट्रोल हलकं असतं. दर अंशाला साधारण ०.१ टक्का घनता कमी होते, म्हणजे ३० अंशांवरून ७०वर गेलं की तेवढाच वेळ उघडलेला इंजेक्टर ४ टक्के कमी वजनाचं पेट्रोल देतो. इंजेक्टरची गुंडाळीही तापते. तांब्याचा रोध दर अंशाला ०.३९ टक्क्यांनी वाढतो. ६० अंश वाढले की १२ ओहमचा इंजेक्टर १४.८ ओहमचा होतो आणि उघडायला उशीर लावतो. या दोन्ही गोष्टी ईसीयूत दुरुस्त करता येतात: इंधनाच्या तापमानानुसार भरपाई, आणि गरम सुरुवातीनंतरच्या मिनिटभरासाठी थोडं जास्त पेट्रोल. इंधनाच्या जादा तापमानाला बूस्ट आपोआप कमी करणारी मर्यादा आणि दाबातलं अंतर पडल्यावर इंजिन बंद करणारी सुरक्षा, या दोन्ही मी प्रत्येक गाडीत लावतो.

पण वाफेला ट्यून करता येत नाही. बुडबुडे कधी येतात, कधी नाही. त्यांच्यासाठी मॅप (ईसीयूतला पेट्रोलचा तक्ता) रिच केला, म्हणजे पेट्रोल वाढवलं, तर ते नसताना गाडी काळा धूर ओकते. लॉगमध्ये दाबाची रेघ सरळ असेल तरच लॅपटॉप उघडा. ट्यूनरने दाब न बघता ‘दुपारचा मॅप’ वेगळा करून देतो म्हटलं, तर दुसरा ट्यूनर शोधा.

झालेल्या कामाची परीक्षा त्रास व्हायचा त्याच अवस्थेत घ्या. दिवसाची सर्वांत गरम वेळ, टाकी पाववर, वीस मिनिटं नेहमीसारखं जोरदार चालवणं, तेही बंद ट्रॅकवर किंवा डायनोवर (गाडी जागेवरच पळवून ताकद मोजणाऱ्या रोलरवर). बंद करा, बॉनेट मिटलेलंच ठेवा, घड्याळ लावून वीस मिनिटं थांबा. मग लॉग चालू करून सुरू करा, दोन मिनिटं आयडलला ठेवा आणि एकदा भर बूस्टवर ओढा. दाबातलं अंतर ठरवलेल्या आकड्यापासून ०.१ बारपेक्षा जास्त हललं नाही, तर दुसऱ्या दिवशी तीच परीक्षा पुन्हा एकदा घ्या, कारण पहिल्या दिवशी नशीबही साथ देतं. हललंच, तर पायरी ३वर परत. गाळणी नवीन बसवली असली तरी ती परत बाहेर काढून बघा. जुन्या टाकीतला गंज आणि गाळ पहिल्या दोनशे किलोमीटरमध्येच तिच्यावर येऊन बसतो.